लॉक स्क्रीनची सजावट

संगणक कुलूपबंद असताना, पासवर्ड विचारला जाण्याआधी जो पडदा दिसतो तो लॉक स्क्रीन. त्यावरचे चित्र, घड्याळ, सूचना आणि मजकूर आपल्या पसंतीने ठरवता येतात. डेस्कटॉपचे वॉलपेपर बहुधा संगणकासमोर बसलेल्यालाच दिसते. लॉक स्क्रीन मात्र मालक उठून गेल्यावर येणाराजाणारा कोणीही पाहतो. म्हणून काय दाखवायचे याच्याइतकाच काय झाकायचे हाही इथे प्रश्न असतो.

विंडोज ७ मध्ये प्रवेशाच्या पडद्याचे चित्र बदलायचे तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालावा लागे, आणि चित्राची फाइल २५६ किलोबाइटच्या आत बसवावी लागे. २०१२ च्या विंडोज ८ ने लॉक स्क्रीन वेगळी केली आणि तिची सोय थेट सेटिंग्जमध्ये आली. विंडोज १० व ११ मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन या वाटेने गेल्यावर स्पॉटलाइट, पिक्चर आणि स्लाइडशो असे तीन पर्याय मिळतात. स्पॉटलाइट मायक्रोसॉफ्टकडची चित्रे इंटरनेटवरून आणून बदलत राहते. स्वतःचे चित्र निवडले, तरी सोबत येणाऱ्या गमतीजमती आणि टिपांचे बटण वेगळे बंद करावे लागते. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट केलेले, म्हणजे परवाना नोंदवलेले, नसेल तर हे पर्याय गोठलेले असतात.

गोव्यातल्या मराठी घरांत चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, काढलेला माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीचा) फोटो किंवा मंगेशीच्या देवळातल्या दीपस्तंभाचा फोटो लॉक स्क्रीनवर लावायचा म्हटला, की खरी अडचण घड्याळाची येते. विंडोज १० चे घड्याळ खाली डावीकडे असते, तर विंडोज ११ चे वर मधोमध. माटोळी गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, म्हणजे विंडोज ११ मध्ये नारळ-सुपाऱ्यांच्या घडांवरच आकडे बसतात. दीपस्तंभ मधोमध असला तर त्याचे वरचे मजले झाकले जातात. त्यातून मोबाइलवर उभा काढलेला फोटो आडव्या पडद्यावर वरखाली कापला जातो. फोटो मुळातच आडवा काढावा, मुख्य विषय खालच्या अर्ध्या भागात ठेवावा, वर आकाश किंवा भिंत सोडावी. इतके केले की घड्याळ आपोआप जागेवर बसते. मॅकवरही २०२३ च्या सोनोमा या आवृत्तीपासून घड्याळ वरच आहे.

लिनक्समध्ये केडीई प्लाझ्मा आणि ग्नोम या डेस्कटॉपच्या दोन मांडण्यांच्या दोन तऱ्हा आहेत. केडीई प्लाझ्मा लॉक स्क्रीनसाठी वेगळे चित्र देऊ देते. ग्नोम २०२० च्या ३.३६ आवृत्तीपासून डेस्कटॉपचेच वॉलपेपर धूसर करून दाखवते. हौशी माणसाला ते खटकते, पण डोळ्यांना बरे वाटते.

सूचनांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. पणजीतल्या एखाद्या वकिलाच्या टेबलावरचा लॅपटॉप कुलूपबंद असूनही येणाऱ्या ईमेलचा विषय किंवा कॅलेंडरमधले अशिलाचे नाव पडद्यावर झळकवू शकतो. विंडोजमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स येथे लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद करता येतात. फोटो निवडण्याआधी हे केलेले बरे.

मराठीत टंकन करणाऱ्यांची आणखी एक नेहमीची फजिती असते. संगणकावर इंग्रजी आणि मराठी असे दोन कळफलक असतील, तर पासवर्ड देताना कोपऱ्यातली भाषेची खूण पाहावी. मराठी कळफलक चालू असेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. पासवर्डच्या चौकटीतले डोळ्याचे बटण दाबले की काय उमटले ते दिसते.

मॅकमध्ये लॉक स्क्रीनवर स्वतःचा मजकूर लिहिता येतो. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये लॅपटॉप राहून जाण्याची धास्ती असलेल्याने तिथे संपर्काचा क्रमांक देवनागरीत आणि इंग्रजीत लिहावा. घरचा पत्ता लिहू नये. कार्यालयांतल्या संगणकांवर लॉक स्क्रीनचे चित्र बहुधा व्यवस्थापक ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सगळ्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या नियमांतून, ठरवतो. विंडोजच्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत तशी सोय आहे, आणि मग कर्मचाऱ्याला सेटिंग्जमध्ये ते चित्र बदलता येत नाही.