ग्लास्नेव्हिन: एका प्रार्थनेच्या हक्कातून उभी राहिलेली दफनभूमी

डब्लिनला सुट्टीवर जाणारे ट्रिनिटी कॉलेज पाहतात, गिनेसच्या कारखान्यात जातात, वेळ उरला तर समुद्राकडे वळतात. शहराच्या उत्तरेला, वनस्पती उद्यानाला लागून असलेली ग्लास्नेव्हिनची दफनभूमी बहुतेकांकडून राहून जाते. माझ्या मते आयर्लंड समजून घ्यायचं असेल तर अर्धा दिवस तिथेच द्यावा. मात्र जाण्याआधी एक गोष्ट माहीत हवी: ही जागा मुळात का निर्माण झाली. ते ठाऊक नसेल तर फक्त थोरामोठ्यांच्या कबरी पाहून परत यायला होतं.

अठराव्या शतकात आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक होती आणि राज्य प्रोटेस्टंट इंग्रजांचं. कॅथलिकांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांची एक मोठी मालिकाच होती. जमीन, शिक्षण, सरकारी पदं अशा सगळ्यांवर बंधनं होती आणि त्यातून मरणही सुटलं नव्हतं. १६९७ च्या कायद्याने बंद पाडलेल्या जुन्या मठांच्या आवारात दफन करायला मनाई केली. गावोगावची चर्चची आवारं प्रोटेस्टंट पंथाकडे गेलेली होती. डब्लिनच्या कॅथलिकांना स्वतःची दफनभूमीच नव्हती. पैसे भरून प्रोटेस्टंट आवारात माणूस पुरायचा आणि प्रार्थना दबक्या आवाजात उरकायची, अशी रीत पडली होती.

ठिणगी पडली ती १८२३ साली. डब्लिनच्या सेंट केव्हिन चर्चच्या आवारात एका कॅथलिक गृहस्थाचं दफन चाललं होतं. धर्मगुरू मायकेल ब्लेक कबरीपाशी प्रार्थना म्हणू लागले, तेव्हा चर्चच्या सेवकाने पुढे होऊन त्यांना थांबवलं. शहर खवळलं. आपल्या माणसाला निरोप देताना दोन शब्द उच्चारायलाही परवानगी लागावी, हे कुणालाही सहन होणारं नव्हतं.

हा प्रश्न हाती घेतला डॅनियल ओकॉनेल यांनी. कॅथलिकांच्या हक्कांसाठी झगडणारे हे निष्णात वकील. कबरीपाशी प्रार्थना करायला बंदी घालणारा कोणताही कायदा अस्तित्वातच नाही, असं मत त्यांनी कायद्याच्या आधाराने मांडलं. १८२४ साली सरकारने दफनाविषयी नवा कायदा केला खरा, पण त्यात कॅथलिक धर्मगुरूने प्रोटेस्टंट धर्माधिकाऱ्याची परवानगी मागायची होती. म्हणजे अडचण जिथल्या तिथेच राहिली. तेव्हा स्वतःची जमीन घेण्याशिवाय मार्ग उरला नाही. १८२९ मध्ये गोल्डनब्रिजची छोटी दफनभूमी सुरू झाली. कॅथलिकांना संसदेची दारं उघडणारा कायदाही त्याच वर्षी झाला. ती जागा अपुरी पडू लागली आणि फेब्रुवारी १८३२ मध्ये नऊ एकरांवर ग्लास्नेव्हिनची दफनभूमी उघडली. पहिलं दफन झालं मायकेल केरी नावाच्या ११ वर्षांच्या मुलाचं. डब्लिनच्या गरीब वस्तीतला तो मुलगा क्षयाने गेला होता.

ओकॉनेल यांचा मोठेपणा मला पुढच्या निर्णयात दिसतो. ज्यांना दुसऱ्यांच्या आवारात अपमान सोसावा लागला, त्यांनी स्वतःची जागा मिळाल्यावर दार कुणालाही बंद केलं नाही. कोणत्याही धर्माचा माणूस, धर्म न मानणारासुद्धा, इथे पुरता येईल, असं पहिल्यापासून ठरलं.

उंच भिंती आणि कोपऱ्यांवरचे बुरूज पाहून हा किल्ला आहे की काय असं वाटतं. त्यांचं कारण भयंकर आहे. वैद्यकीय शाळांना विच्छेदनासाठी प्रेतं हवी असत आणि ताजी प्रेतं उकरून विकणाऱ्यांचा धंदा तेजीत होता. म्हणून रात्री पहारेकरी गस्त घालत, सोबत शिकारी कुत्रे असत.

पुढे १८४० च्या दशकातला दुष्काळ आणि पटकीच्या साथी आल्या. माणसं इतकी मरत होती की सामुदायिक खड्ड्यांत पुरावी लागली. आज दफनभूमी १२० एकरांहून मोठी आहे आणि तिथे सुमारे १५ लाख माणसं पुरलेली आहेत. आजच्या डब्लिन परगण्याची लोकसंख्याही जवळपास तेवढीच आहे. त्यांतल्या लाखो जणांच्या कबरीवर दगडही नाही. नोंदवह्या मात्र जपलेल्या आहेत. अमेरिका-ऑस्ट्रेलियातून आलेले आयरिश वंशज त्यांत आपले पणजोबा शोधत असतात.

स्वतः ओकॉनेल १८४७ साली रोमच्या यात्रेला जाताना जिनोआ इथे वारले. इच्छेप्रमाणे हृदय रोमला गेलं, देह मायदेशी आला. १८६९ पासून तो पन्नास मीटरांहून उंच अशा गोल मनोऱ्याखालच्या तळघरात आहे. १९७१ मध्ये बॉम्बस्फोटाने मनोऱ्याचा जिना उद्ध्वस्त झाला आणि २०१८ मध्येच तो पुन्हा खुला झाला. थडग्याच्या नक्षीदार झरोक्यातून हात घालून लोक शवपेटीला स्पर्श करतात.

थोड्या अंतरावर चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल आहेत. विकलोच्या ग्रॅनाइटचा ओबडधोबड खडक आणि त्यावर फक्त आडनाव. प्रोटेस्टंट घरात जन्मलेला हा होमरूलचा नेता १८९१ मध्ये गेला. पटकीने गेलेल्यांच्या सामुदायिक खड्ड्यावर त्याची कबर आहे. होमरूल म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात आणि तो धागा खरोखरच आयर्लंडपर्यंत जातो. टिळकांनी होमरूल लीग बेळगावात २८ एप्रिल १९१६ रोजी स्थापली, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा सशस्त्र उठाव पेटलेला होता.

त्या उठावाची हाकही इथेच ऐकू आली होती. १ ऑगस्ट १९१५ रोजी जुने क्रांतिकारक ओडोनोव्हन रोसा यांच्या अंत्यविधीला प्रचंड गर्दी लोटली. या कबरी आमच्याकडे आहेत तोवर परतंत्र आयर्लंड स्वस्थ बसणार नाही, असं पुढे उठावाचे नेते झालेल्या पॅट्रिक पिअर्स यांनी कबरीपाशी ठणकावलं. जिथे प्रार्थनेला बंदी नको म्हणून जमीन घेतली, तिथे आता राजकीय भाषणं होऊ लागली होती. उठाव मोडल्यावर, पुढल्याच मे महिन्यात ब्रिटिशांनी पिअर्स यांना गोळ्या घातल्या. याच उठावापायी लंडनच्या तुरुंगात फाशी गेलेल्या रॉजर केसमेंट यांचे अवशेष मात्र १९६५ साली इथे आणले गेले.

ब्रिटनशी झालेल्या तहावरून पेटलेल्या १९२२-२३ च्या यादवीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेलेही इथेच आहेत: तहाच्या बाजूचे मायकेल कॉलिन्स, ज्यांच्या कबरीवर फुलांचा खच असतो, आणि त्यांचे विरोधक एमन डी व्हॅलेरा.

सर्वांना जागा देण्याचं तत्त्व आजही सोपं गेलेलं नाही. उठावाच्या शताब्दीला, २०१६ मध्ये, त्या दिवसांत मेलेल्या सर्वांची नावं एका भिंतीवर कोरली गेली. बंडखोर, सामान्य नागरिक आणि ब्रिटिश सैनिक, सगळे एकत्र. अनेकांना ते रुचलं नाही. २०१७ मध्ये भिंतीवर रंग फेकला गेला, २०२० मध्ये हातोड्याने नावं फोडली गेली आणि शेवटी विश्वस्तांनी तो उपक्रमच थांबवला. ब्रिटिश सैनिकांची नावं तिथे असावीत का, यावर आयरिश माणसांनीच बोलावं हे मला मान्य आहे. पण ओकॉनेल यांनी घालून दिलेला नियम पाहता ती नावं तिथे शोभत होती, असं मला वाटतं.