पुढून खडखड येते? चावी ठेवून जाण्याआधी एवढं वाचा

पावसाळा उतरणीला लागला की आमच्या गॅरेजमध्ये एकच तक्रार घेऊन गाड्या येतात. पुढच्या बाजूने खडखड. तक्रारीबरोबर उपायही ठरवून आणलेला असतो: "शॉकअप गेलेत, बदलून टाका, संध्याकाळी नेतो." चावी काउंटरवर ठेवून गाडीमालक रिक्षात बसतात. संध्याकाळी आम्हाला फोन करून सांगावं लागतं की गाडी फिरवून आणली, आवाज आलाच नाही, आज नेऊ नका. तुमचा दिवस जातो, आमची जागा अडते आणि आवाज आहे तिथेच राहतो.

हे टाळायला एकच गोष्ट लागते. गाडी सोडताना दहा-पंधरा मिनिटं आमच्याबरोबर ट्रायलला बसा आणि आवाज काढून दाखवा. पार्टचं नाव सांगितलं नाहीत तरी चालेल.

गाडी तुमच्या हातात आवाज करते आणि आमच्या हातात करत नाही, यात गूढ काही नाही. तुम्ही तो आवाज ऐकता तेव्हा सकाळची वेळ असते, गाडी गार असते, मागे मुलं बसलेली असतात आणि सोसायटीच्या उतारावर तुम्ही अर्धं वळण घेत ब्रेकवर पाय ठेवलेला असतो. आमचा माणूस दुपारी एकटाच, रिकामी गाडी घेऊन सरळ रस्त्याने जातो. सांध्यात बसवलेला रबराचा बुश गार असताना कडक असतो, गरम झाला की नरम पडतो. वजन बदललं की सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारी स्प्रिंग-शॉकअपची रचना, वेगळ्या उंचीवर काम करतं. मग आवाज येणार कुठून? आणि आवाजच ऐकला नसेल तर पार्ट अंदाजाने बदलावा लागतो. तसं काम आम्ही करत नाही.

शॉकअपवर एवढा राग का

आवाज चाकाच्या वरून येतो आणि तिथे शॉकअप आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून आळ त्याच्यावर येतो. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरणं. तो गेला की गाडी गतिरोधकावरून उतरल्यावर एकदा बसून थांबत नाही, वरखाली होत राहते. ब्रेक मारला की नाक खाली घालते. खालून पाहिलं तर शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळलेलं दिसतं. नुसता तेलकट ओलावा आणि त्यावर बसलेली धूळ दिसली तर घाबरू नका, थोडं तेल दांड्याबरोबर वर येतंच. शॉकअप आतून ढिला होऊन ठकठक वाजू शकतो, पण खडखड या एका तक्रारीवर शॉकअपची जोडी बदलणं म्हणजे महागड्या पार्टपासून सुरुवात करणं.

आम्ही आधी लिंक रॉडकडे बघतो. थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक प्रश्न इथेच सुटतात.

गाडी वळणावर एका बाजूला कलू नये म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक वाकवलेला पोलादी बार असतो, स्टॅबिलायझर बार. आजच्या बऱ्याच गाड्यांत त्याची दोन्ही टोकं एकेका छोट्या दांडीने शॉकअपला जोडलेली असतात. ती दांडी म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन्ही टोकांना वाटीत बसवलेली गोळी असते, वर रबराची टोपी, आत ग्रीस. टोपी फाटली की पाणी आणि माती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं, गोळी वाटीत सैल होते. मग लहान लहान खड्ड्यांवर, कमी वेगात, एकामागून एक खडखडखड असा आवाज येतो. पुण्यात पावसाळाभर साचलेल्या पाण्यातून, खचलेल्या चेंबरवरून आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून गाडी चालवल्यावर या टोप्या फाटणारच. मोठा खड्डा बसला तरच सस्पेन्शन जातं असं समजू नका. दिवसाकाठी शेकडो बारीक हादरे लिंक रॉडला जास्त झिजवतात.

जुन्या मारुती ८०० वर हात बसलेले ग्राहक सांगतात, "बारचे रबर बदला, झालं." त्या गाडीत ते बरोबर होतं. तिच्यात वेगळी लिंकच नव्हती, बारची टोकं थेट लोअर आर्ममधून, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यातून, गेलेली असत. आज तुमच्याकडे जी गाडी आहे तिच्यात बहुधा तसं नाही.

लिंक रॉड ओळखायची एक खूण तुम्ही स्वतः तपासू शकता. रुंद, सपाट गतिरोधकावरून गाडी अगदी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील अशी हळू न्या. नंतर जरा तिरकी काढा, म्हणजे आधी एक चाक चढेल, मग दुसरं. दोन्ही चाकं सारखी वर गेली की बार आपल्या रबरात नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही, लिंकवर जोर येत नाही. एक चाक वर आणि एक खाली असलं की बारला पीळ बसतो आणि सगळा जोर लिंकमधून जातो. सरळ नेली तर शांत, तिरकी नेली तर खडखड, असं झालं तर संशय लिंकवर किंवा बारच्या रबरांवर घ्यायला हरकत नाही. गतिरोधक मात्र नीट निवडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने ओलांडता येईल असा. सोसायट्यांच्या दारातले अरुंद उंचवटे त्याच्या जवळपासही नसतात. त्यांच्यावर चांगली गाडीही आपटते आणि तपासणीतून काही कळत नाही.

घरून निघण्याआधी

डिकी आणि दारांचे कप्पे रिकामे करा. जॅक, पाना, त्रिकोण आणि स्टेपनी घट्ट बसल्याचं बघा. गाडीच्या पोकळ अंगात आवाज कुठून कुठे पोचेल सांगता येत नाही, ग्लोव्ह बॉक्समधली स्टीलची बाटली अगदी चाकाजवळ वाजल्यासारखी ऐकू येते. टायरमधली हवाही पाहा. किती भरायची ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. स्टिकरवर ३० असताना ४० भरलेली असेल तर प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येणार. आणि हल्लीच पंक्चर काढलं असेल किंवा चाकं बदलली असतील तर सगळ्यात आधी चाकाचे नट आवळलेले आहेत का ते तपासा. यात उद्यावर ढकलू नका.

मग दोन-तीन दिवस गाडी चालवताना काच खाली करून, गाणी बंद करून ऐका. आवाज खराब रस्त्यावर येत असेल तेव्हा, मागे कोणी नाही हे बघून, ब्रेक अगदी हलका दाबून ठेवा. तेवढ्याने आवाज थांबला तर तो बहुतेक ब्रेक पॅडचा किंवा पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिनांचा आहे, सस्पेन्शनचा नाही. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकदाच 'ठप्' होत असेल तर लोअर आर्मचा बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा 'टंग्' येत असेल तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर कटकट येत असेल तर एक्सलचा जॉइंट. हातात, स्टिअरिंगच्या चाकातच थरथर जाणवत असेल तर स्टिअरिंगचा रॅक किंवा त्याला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर हा चाकाच्या बेअरिंगचा विषय आहे, तिला खडखड म्हणून सांगू नका, आम्ही उलट्या टोकाने शोधायला लागतो. आणि तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर आवाज सुरू झाला असेल तर तेही सांगा. इंजिनखालच्या प्लॅस्टिक कव्हरच्या क्लिपा तुटून ते लोंबतं आणि चाकाजवळच वाजतं.

शेजारी बसलेल्याने मोबाइलवर चित्रीकरण केलं तर उपयोग होतो, पण त्यात स्पीडोमीटर दिसू द्या. चालवणाऱ्याने मोबाइल हातात घेऊ नये.

तपासणीचे पैसे आम्ही का घेतो

आम्ही तपासणीचे वेगळे पैसे लावतो, यावर नाराजी असते. दर काउंटरच्या फलकावर लिहिलेला आहे. काम आमच्याकडे केलंत तर ती रक्कम बिलातून वजा होते. नाही केलंत तर काय सापडलं ते कागदावर लिहून देतो, तो कागद घेऊन तुम्ही कुठेही जा.

या पैशांत काय होतं ते सांगतो. आधी तुमच्यासोबत ट्रायल. मग गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतो, चारही चाकं जमिनीवर टेकलेली असताना. बरेच जण म्हणतात, जॅक लावून एक चाक उचला आणि हलवून बघा. बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोळीचा सांधा) आणि टाय रॉड एंडसाठी तेही करतो: चाक वरखाली धरून हलवलं तर एक ढिलाई कळते, डावी-उजवीकडे धरून हलवलं तर दुसरी, आणि टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून आर्म उचलला तर तिसरी. पण लिंक रॉड एका बाजूच्या जॅकवर तपासला तर फसगत होते. एक चाक लोंबकळलं की बारला पीळ बसतो, लिंक ताणलेली राहते आणि सैल गोळीसुद्धा घट्ट वाटते. गाडी आपल्या चाकांवर उभी असताना लिंक हातात धरून हलवली की ढिलाई बोटांना लगेच कळते. शंका राहिलीच तर दोन्ही लिंक सोडून, बांधून ठेवून हळू ट्रायल मारतो. आवाज गेला तर सापडला. नाही गेला तर तुमचे लिंकचे पैसे वाचले.

बुश बदलल्यावर आमचा माणूस गाडी खाली उतरवून पुन्हा पाना घेऊन का शिरतो, असंही विचारलं जातं. लोअर आर्मच्या रबरी बुशाचा बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटचा आवळला तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश नवा असूनही लवकर फाटतो. म्हणून गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क पान्याने शेवटचा आवळ देतो. याला वेळ लागतो आणि तो आम्ही वाचवणार नाही. "मागच्याच सीझनला बुश टाकले होते" असं सांगणाऱ्यांच्या गाडीत आम्हाला पुष्कळदा हेच कारण दिसतं.

पार्टबद्दल. नाना पेठेतून स्वतः पार्ट आणलात तरी आम्ही बसवून देतो, मजुरी तीच. हमी मात्र फक्त आम्ही आणलेल्या पार्टवर देतो, कारण लिंक रॉड बाहेरून सगळे सारखेच दिसतात आणि स्वस्त मालात टोपीचं रबर पहिल्याच पावसात चिरतं. लिंक आम्ही जोडीने बदलायला सांगतो, दोन्ही बाजू सारख्याच रस्त्यावरून गेलेल्या असतात. एकच हवा असेल तर एकच बदलू. शॉकअप मात्र एकच बदलणार नाही, दोन बाजूंची उसळी वेगवेगळी आवरली गेली तर गाडी ब्रेकला सरळ राहत नाही. टाय रॉड, लोअर आर्म किंवा शॉकअपचं काम झालं तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावंच लागतं. नुसत्या लिंकला लागत नाही, आणि आम्ही ते लावणारही नाही.

ग्रीस मारलं का, असं विचारणारे ज्येष्ठ ग्राहक जुन्या पद्मिनी गाडीच्या काळातले असतात. तेव्हा सांध्यांना ग्रीसची निपल असत. आता बॉल जॉइंट कारखान्यातूनच बंद येतात, बाहेरून ग्रीस जायला वाट नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे आवाज बंद करायला धुलाईवाल्याकडून खालून डिझेल किंवा ऑइल मारून घेणं. चार दिवस शांत वाटतं, पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि नरम पडतं. चांगले बुशही त्यात जातात. शिवाय सगळं तेलकट झाल्यावर शॉकअप गळतोय की वरून मारलेलं तेल आहे, हे आम्हालाही कळत नाही. ट्रायलच्या आधी असं काही केलं असेल तर कृपया सांगा, आम्ही आधी धुऊन घेऊ.

गाडी चालवत आणू नका

लिंक रॉड वाजत असताना काही दिवस सांभाळून चालवता येतं. पण आवाजाबरोबर स्टिअरिंगला अचानक मोकळेपणा आला, गाडी आपोआप एका बाजूला जाऊ लागली, किंवा एक कोपरा खाली बसलेला दिसला तर ती वेगळी गोष्ट आहे. बॉल जॉइंट निसटला तर चाक बाहेर वाकतं, तुटलेल्या स्प्रिंगचं टोक टायरमध्ये घुसू शकतं. अशी गाडी कात्रजचा घाट उतरत किंवा नवले पुलावरून आमच्यापर्यंत आणू नका. फोन करा, टोइंग गाडी पाठवतो.

बाकी सगळ्यांसाठी ट्रायलची वेळ सकाळी नऊ ते साडेदहा. गाडी गार असतानाच आवाज येत असेल तर आदल्या संध्याकाळी गाडी आमच्याकडे लावून जा आणि सकाळी स्वतः या, इंजिन तुमच्यासमोरच सुरू करू. मागे माणसं बसल्यावरच आवाज येत असेल तर दोघांना सोबत आणा. गाडी रोज दुसरं कोणी चालवत असेल तर त्यांनाच पाठवा, मालकांनी यायची गरज नाही. बदललेले जुने पार्ट पिशवीत घालून डिकीत ठेवलेले असतात. नको असतील तर काउंटरवर सांगा.