सोंगशानला जायचंय? व्हिसा, कागदपत्रं आणि डोंगरावरची तिकिटं

कैलास-मानसरोवरला जाऊन आलेल्या नातेवाइकांकडून सोडत, वैद्यकीय तपासणी, तिबेटचं परमिट हे सगळं ऐकलेलं असतं. त्यामुळे चीनमधल्या कुठल्याही पवित्र डोंगराला एवढंच दिव्य करावं लागतं, असा समज होतो. हनान प्रांतातल्या सोंगशानला यातलं काही लागत नाही. साधा पर्यटक व्हिसा, म्हणजे ‘एल’ प्रकारचा, आणि पायथ्याशी तिकीट. बुकिंग करताना मात्र जपा: हनान वेगळा, हुनान वेगळा. हुनानमध्ये हंगशान नावाचा दुसराच पवित्र डोंगर आहे.

व्हिसा कोणाला लागतो? भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रत्येकाला. चीनने बऱ्याच देशांना दिलेली व्हिसामाफी किंवा २४० तासांची ट्रान्झिट सवलत (चीनमार्गे तिसऱ्या देशात जाणाऱ्यांना व्हिसाशिवाय थांबू देणारी) आपल्याला लागू नाही. सिंगापूरचा पासपोर्ट घेतलेल्या मराठी मंडळींना ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना ट्रान्झिट सवलत मिळते, पण त्यांचं पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं हवं. न्यूयॉर्कहून येऊन न्यूयॉर्कलाच परत जायचं असेल तर ती चालत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. महाराष्ट्रातल्या रहिवाशांनी पासपोर्ट मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रात द्यायचा. फॉर्म लांबलचक आहे. गेल्या पाच वर्षांतल्या नोकऱ्या, शिक्षण, आईवडील, जोडीदार आणि मुलांची माहिती, आधीचे परदेश प्रवास, सैन्यात होता का, असं सगळं विचारतात. एका बैठकीत उरकेल या भ्रमात राहू नका. पत्रकार असाल तर व्यवसाय लपवू नका. बातमीदारीसाठी ‘जे’ हा वेगळा व्हिसा असतो आणि फिरायलाच चाललोय हे स्पष्ट करावं लागू शकतं.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. जुन्या पासपोर्टवर चिनी व्हिसा असेल तर तोही काढून ठेवा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ३३ बाय ४८ मिलिमीटरचा. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत ‘पासपोर्ट साइज’ एवढंच सांगितलंत तर वेगळ्याच मापाचा हातात पडेल. जाण्यायेण्याचं विमानाचं बुकिंग आणि सगळ्या रात्रींची हॉटेलं, किंवा मग चीनमधल्या कोणाचं तरी निमंत्रणपत्र. शिवाय बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र आणि मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले तयार ठेवलेले बरे. रद्द करता येणारीच बुकिंगं करा, कारण व्हिसा हातात येईपर्यंत काहीच पक्कं नसतं.

आपल्याकडे खरी गडबड होते ती नावात. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधल्या नावासारखं आलेलं असतं, कुणाचा आडनावाचा रकाना कोरा, कुणाचं लग्नाआधीचं नाव तसंच. फॉर्म, विमान, हॉटेल, रेल्वे, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. चीनमध्ये रेल्वेची तिकिटं पासपोर्ट क्रमांकावर निघतात आणि स्थानकात तोच पासपोर्ट तपासतात. प्रेक्षणीय स्थळांच्या ऑनलाइन तिकिटांनाही बहुधा तोच क्रमांक लागतो. नाव जुळलं नाही तर भाषा न येणाऱ्या माणसाला खिडकीवर समजावत बसणं काही सुखाचं नाही.

फॉर्ममध्ये प्रवासाचा कार्यक्रम लिहिताना ‘चीन दर्शन’ असं मोघम नको. मुक्काम सोंगशानच्या पायथ्याच्या तंगफंग शहरात, झंगचौ किंवा लुओयांगहून बसने, असं लिहा. दोन दिवस तरी लागतातच. पहिला दिवस सोंगशानवरच्या, कुंग-फूसाठी प्रसिद्ध शाओलिन मठाला. तो इ.स. ४९५ मध्ये उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी बांधून दिला. मठामागच्या डोंगरात बोधिधर्माची, म्हणजे झेन पंथाचा प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या भिक्षूची, गुहा दाखवतात. तिथे तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला अशी परंपरा आहे. जवळच भिक्षूंच्या समाधीवरच्या दोनशेहून अधिक लहानमोठ्या पॅगोड्यांचं ‘वन’ आहे. मला विचाराल तर कुंग-फूच्या खेळासाठी रांग लावण्यापेक्षा तो वेळ इथे द्यावा.

दुसरा दिवस चोंगयुए मंदिराला. हे ताओ पंथाचं. सोंगशान चीनच्या पाच पवित्र पर्वतांपैकी मधला मानला जातो आणि हे त्या पर्वतदेवतेचं ठाणं. आवारात १०६४ साली ओतलेले चार लोखंडी रक्षक उभे आहेत. त्याच दिवशी सोंगयुए पॅगोडाही होतो. सहाव्या शतकातला, विटांचा, बारा बाजूंचा. चीनमध्ये उभ्या असलेल्या विटांच्या पॅगोड्यांत सर्वांत जुना. ही सारी स्थळं २०१० पासून जागतिक वारशात आहेत. तिकीट सगळ्यांचं मिळून एकच नाही, रोपवेचं तर वेगळंच.

तारखा ठरवताना १ ते ७ ऑक्टोबरचा चिनी सुट्टीचा आठवडा आणि मेची सुरुवात टाळा. दिवाळीची सुट्टी बहुतेकदा त्यानंतर येते आणि हवाही थंड असते.

चीनमध्ये उतरल्यावर आगमन कार्ड भरावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पासून ते आधीच ऑनलाइन भरता येतं. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. मित्राच्या घरी राहिलात तर २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन ती तुम्हीच करायची, हे बरेच जण विसरतात. पैशांसाठी अलीपे या मोबाइलवरून पैसे देण्याच्या चिनी ॲपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड घरूनच जोडून घ्या. शाकाहारी असाल तर बौद्ध मठाचं भोजनगृह शोधा. चिनी बौद्ध भिक्षू कांदा-लसूणही खात नाहीत, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही तिथे जेवता येईल.