बोटांच्या जखमांवरील त्वचारोपण

अपघातात बोटावरची कातडी सोलून किंवा तुटून गेली, तर शरीराच्या दुसऱ्या भागातली कातडी काढून तिथे बसवण्याची शस्त्रक्रिया. ठाण्याची वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात पॉवर प्रेस, कटर, रोलर यांवर हात चालवणाऱ्या कामगारांच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा विषय आहे. नुसती जखम झाकून भागत नाही. बोट वाकले पाहिजे आणि त्याला स्पर्श कळला पाहिजे.

मांडीवरून घेतलेली पातळ कातडी चटकन धरते, पण पुढे आकसते. तळहाताच्या बाजूला ती आकसली की बोट ओढले जाऊन वाकडे राहते, पान्ह्यावर पकड बसत नाही. म्हणून तिथे पूर्ण जाडीची कातडी लावतात. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जॉन वुल्फ यांनी १८७५ मध्ये अशी कातडी पापणीसाठी वापरली होती. बोटासाठी ती शक्यतो तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवरून घ्यावी: तशीच राठ, बिनकेसांची. जांघेतली भरपूर मिळते, पण बोटावर काळपट दिसते आणि तिच्यावर केसही येऊ शकतात.

बसवलेली कातडी पहिले एक-दोन दिवस जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. मग खालच्या रक्तवाहिन्या तिला जोडल्या जातात आणि साधारण पाच ते सात दिवसांत रक्तपुरवठा सुरू होतो. या काळात खाली रक्त साचले किंवा कातडी सरकली, की ती काळी पडते. त्यासाठी कडेच्या टाक्यांचे दोरे लांब ठेवून, वर कापसाचा बोळा दाबून ते त्यावर बांधतात. तंबाखू, विडी या दिवसांत पूर्ण बंद हवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात.

आवरण गेलेल्या उघड्या हाडावर किंवा कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर) रोपण धरत नाही. तिथे फ्लॅप, म्हणजे स्वतःचा रक्तपुरवठा टिकवून आणलेली कातडी, लागतो. शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी एका कडेने जोडलेली ठेवून जखमेवर उलटवतात, दोन-तीन आठवडे दोन्ही बोटे एकत्र राहतात, मग सोडवतात. शेजारच्या बोटाची उघडी पडलेली पाठ मात्र त्वचारोपणानेच झाकावी लागते. याउलट बोटाच्या टोकावरची चौरस सेंटीमीटरभर जखम, हाड उघडे नसेल तर, नुसत्या ड्रेसिंगने भरते आणि संवेदनाही बहुधा चांगली येते.

कर्मचारी राज्य विम्याच्या इजांच्या तक्त्यात तर्जनीचे टोक हाड न जाता तुटल्यास ५ टक्के, एक पेर गेल्यास ९ टक्के कमाईक्षमता गेली असे धरतात. कातडी धरली पण बोट ताठरले किंवा बधिर राहिले, तर टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते. त्यासाठी उपचाराचे सगळे कागद जपून ठेवावेत.