संयुक्त गृहकर्जाच्या अर्जाआधी दोघांची पतनोंद : पात्रता, कागदपत्रे आणि वर्षभराची पूर्वतयारी

पती-पत्नींनी मिळून गृहकर्ज घ्यायचे ठरवले की इंदूरमधील बहुतेक मराठी घरांत क्रम असा असतो: आधी घर पाहिले जाते, पसंत पडले की बयाणा दिला जातो, आणि त्यानंतर बँकेत गेल्यावर कळते की दोघांपैकी एकाच्या नावावर पतनोंदच (कर्जे व त्यांच्या परतफेडीची नोंद) नाही किंवा असलेल्या नोंदीत जुनी चूक राहून गेली आहे. बयाण्याच्या करारात दोन-तीन महिन्यांची मुदत लिहिलेली असते आणि पतनोंद तेवढ्या अवधीत उभी राहत नाही. म्हणून घराचा शोध सुरू करण्याच्या किमान एक वर्ष आधी पुढील कामे हाती घ्यावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पतनोंद म्हणजे काय

भारतात कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या, रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यानुसार बँका, वित्तसंस्था व गृहवित्त कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवतात. त्यावरून ३०० ते ९०० यांदरम्यान गुण दिले जातात, आणि ७५० च्या वरचे गुण बँका सर्वसाधारणपणे चांगले मानतात. ज्याने कधीच कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलेले नाही त्याला गुणच मिळत नाहीत. या कंपन्यांच्या अहवालात त्या जागी उणे एक किंवा ‘नोंद नाही’ अशा अर्थाचे अक्षर येते. याचा अर्थ पत वाईट आहे असा नव्हे. केवळ पूर्वीची पतनोंद नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलेले आहे. तरीही बँकेला अर्जदाराच्या परतफेडीच्या शक्तीची खात्री करून घेण्याचा अधिकार राहतोच, आणि हाती नोंद असली की ती खात्री लवकर पटते.

आपल्याकडे एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे. वीस वर्षे बीसीचा (भिशीचा) हप्ता कधी चुकवला नाही, मोहल्ल्यातल्या साख सहकारी संस्थेचे (पतसंस्थेचे) कर्ज वेळेत फेडले, किराणा दुकानाची उधारी दर महिन्याच्या पाच तारखेला चुकती केली, म्हणजे आपली पत उत्तम आहे, असे लोक मनापासून मानतात. माणसांच्या व्यवहारात ती पत खरीच असते. परंतु बीसी व उधारी यांची नोंद या चार कंपन्यांकडे जात नाही, आणि साख संस्थांपैकीही बहुतेकींची जात नाही. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने असा माणूस कोरा राहतो. विशेषतः घरातल्या स्त्रियांच्या बाबतीत हे घडते, कारण घरातली सगळी कर्जे पुरुषांच्या नावावर आणि बीसी मात्र त्यांच्या नावावर, अशी वाटणी वर्षानुवर्षे चालत आलेली असते.

पहिले काम : अहवाल मागवणे व नावे जुळवणे

चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा नियम आहे. दोघांनी आपापले अहवाल चारही ठिकाणांहून मागवावेत. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत.

अहवाल हातात आला की गुणांचा आकडा पाहण्याआधी नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ता तपासावा. मध्य प्रदेशातल्या मराठी कुटुंबांत नावांचा घोळ फार होतो. शाळेच्या गुणपत्रिकेवर येथील पद्धतीप्रमाणे फक्त नाव व आडनाव असते. घरी मात्र वडिलांचे नाव मध्ये घालून लिहिण्याची आपली रीत. लग्नानंतर आधारवर सासरचे आडनाव चढते आणि पॅन माहेरच्याच नावाचे राहते. अशा वेळी एकाच स्त्रीच्या नोंदी दोन वेगवेगळ्या नावांखाली विखुरल्या जाऊ शकतात.

राजेंद्र नगरात राहणाऱ्या माझ्या भाचीच्या अहवालात हेच दिसले. तिच्या समजुतीप्रमाणे तिच्या नावावर कोणतेच कर्ज नव्हते. प्रत्यक्षात माहेरच्या नावाने एक शैक्षणिक कर्ज अजून ‘चालू’ दिसत होते आणि शिल्लक रकमेच्या रकान्यात ₹१,१८० असा आकडा होता. हप्ते सहा वर्षांपूर्वी संपले होते. शेवटच्या महिन्याचे थोडे व्याज तेवढे राहिले होते, आणि खाते बंद करण्याचा अर्ज कोणी दिलाच नव्हता. खाली महिन्यांचे चौकोन होते. हप्ता किती दिवस थकला ते प्रत्येक चौकोनात लिहिलेले असते. वेळेवर भरलेल्या महिन्यात तीन शून्ये असतात. तिच्या शेवटच्या ओळीतले चौकोन ३०, ६०, ९० असे चढत गेलेले होते. एवढ्या किरकोळ रकमेसाठी तिचे गुण खाली आले होते. रक्कम व्याजासह भरून, बँकेकडून थकबाकी नसल्याचे पत्र घेऊन, खाते बंद झाल्याची नोंद अहवालात उमटेपर्यंत जवळजवळ दोन महिने गेले. त्या नोंदीनंतरही जुन्या विलंबाच्या खुणा अहवालात राहिल्याच; त्यांच्यावर पुढच्या वेळेवर भरलेल्या महिन्यांचा थर चढू देणे एवढाच उपाय असतो.

पॅनवरील नाव बदलण्यासाठी विवाह प्रमाणपत्र हा सोपा आधार आहे, म्हणून लग्नाची नोंद झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी. आधारवरील नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. यास्तव कोणते नाव कायम ठेवायचे हे घरात बसून एकदाच ठरवावे आणि पॅन, आधार, बँक खाते व पगारपत्रक या चारही ठिकाणी अक्षरशः तेच करावे.

अहवालात चूक असल्यास त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य तक्रार नोंदवता येते, आणि संबंधित बँकेलाही लेखी कळवावे. बँक व कंपनी यांना मिळून तीस दिवसांत तक्रार निकाली काढावी लागते. त्यापुढे विलंब झाल्यास तक्रारदाराला दिवसाला ₹१०० भरपाई मिळण्याची तरतूद आहे. त्यानेही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवावी.

जामीन राहिल्याची नोंदही तपासावी. मित्राच्या मोटारसायकलीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाच्या अहवालात ते कर्ज दिसते आणि मित्राचा हप्ता थकला तर त्याचा परिणाम यालाही भोगावा लागतो. ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलेले) किंवा ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेले) असा शेरा असलेले खाते असल्यास उरलेली रक्कम भरून ते पूर्णपणे बंद करून घ्यावे; तडजोडीने अर्धी रक्कम भरून सुटका झाली असे समजणे पुढे महागात पडते.

कोऱ्या नावावर पत उभी करणे

ज्याची काहीच नोंद नाही त्याच्यासाठी मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड हा मला सर्वांत सुरक्षित मार्ग वाटतो. पत्नीच्या स्वतःच्या नावावर ₹२५,००० ची ठेव ठेवली तर बँक त्या ठेवीच्या प्रमाणात, समजा ₹२०,००० मर्यादेचे, कार्ड देते आणि त्यासाठी बहुधा उत्पन्नाचा पुरावाही मागत नाही. या कार्डावर विजेचे बिल आणि महिन्याचा किराणा एवढेच घ्यावे. खर्च मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे ₹६,००० पर्यंत, राहू द्यावा. आणि बिलातील ‘किमान देय’ नव्हे तर संपूर्ण रक्कम देय तारखेपूर्वी बचत खात्यातून आपोआप जाईल अशी व्यवस्था करावी. साधारण सहा महिन्यांत गुण दिसू लागतात, वर्षभरात नोंदीला वजन येते. पतीच्या कार्डावर पत्नीसाठी घेतलेल्या पुरवणी कार्डाची देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच असते, म्हणून त्यावर तिची स्वतंत्र पत उभी राहील असे धरून चालू नये.

गुण वाढावेत म्हणून गरज नसताना हप्त्यावर फोन किंवा टीव्ही घेण्याचा सल्ला दुकानांत सर्रास दिला जातो. मी तो देणार नाही. ज्या घराला पुढच्या वर्षी मोठा हप्ता पेलायचा आहे त्याने आज लहान हप्ते जोडत जाऊ नये, कारण चालू हप्ते पात्रतेतून थेट वजा होतात.

पात्रतेचा हिशेब

बँका साधारणपणे दोघांच्या मिळून निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम सर्व हप्त्यांसाठी धरतात. प्रमाण बँकेनुसार थोडे कमी-जास्त असते. समजा पतीचा पगार ₹४५,००० आणि पत्नीचा ₹३२,००० आहे, आणि मोटारीचा ₹८,५०० चा हप्ता चालू आहे. एकट्या पतीचे निम्मे उत्पन्न ₹२२,५००. मोटारीचा हप्ता वजा जाता उरतात ₹१४,०००. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी एक लाखाला सुमारे ₹८६८ हप्ता पडतो, म्हणून त्याला सुमारे १६ लाख मिळू शकतील. दोघे मिळून निम्मे उत्पन्न ₹३८,५००. मोटारीचा हप्ता वजा जाता ₹३०,०००, म्हणजे सुमारे साडेचौतीस लाख. मोटारीचे कर्ज आधी फेडून टाकले तर हाच आकडा ४४ लाखांवर जातो.

मात्र उत्पन्नात बसते तेवढे कर्ज मिळतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. चाळीस लाखांच्या घराला ३२ लाख, आणि उरलेले आठ लाख घरचे. मुद्रांक शुल्क व रजिस्ट्रीचा खर्चही घरातूनच उभा करावा लागतो, कारण तो या किमतीत धरत नाहीत. दहा लाखांपर्यंतच्या घराला मात्र तो किमतीत धरण्याची सवलत आहे.

सहअर्जदार म्हणून पती-पत्नी, आई-वडील व मुले यांना बँका सहज स्वीकारतात. घराचे जेवढे सहमालक तेवढे सर्व कर्जात सहभागी असावेत, असा बहुतेक बँकांचा आग्रह असतो. गुणांच्या बाबतीत काही बँका मुख्य अर्जदाराचे तर काही दोघांपैकी कमी असलेले गुण धरतात. अर्ज देण्याआधी शाखेत हे विचारून घ्यावे.

कागदपत्रे

दोघांचेही पॅन, आधार, छायाचित्रे व पत्त्याचा पुरावा लागतो. नोकरदारांना तीन ते सहा महिन्यांची पगारपत्रके, दोन वर्षांचे फॉर्म १६ (पगारातील करकपातीचे प्रमाणपत्र) आणि सहा महिन्यांचे बँक विवरण द्यावे लागते. व्यवसाय करणाऱ्यांना तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, नफा-तोटा पत्रक व ताळेबंद, वर्षभराचे चालू खात्याचे विवरण आणि गुमाश्ता (दुकानाची नोंदणी) किंवा उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी लागते. शिकवण्या, पोळी-भाजीचे डबे किंवा शिवणकाम यांतून पत्नीचे उत्पन्न येत असेल तर ते रोख न घेता खात्यात घ्यावे आणि कर लागत नसला तरी आयकर विवरणपत्र भरावे. विवरणपत्र नसेल तर ते उत्पन्न पात्रतेत धरून घेणे फार कठीण जाते, आणि मागील वर्षांची विवरणपत्रे ऐनवेळी तयार करता येत नाहीत.

मालमत्तेच्या बाजूने विक्री करार, मालकीची पूर्वीपासूनची साखळी, नगर तथा ग्राम निवेश विभागाची मंजुरी, डायव्हर्जनचा (शेतजमिनीचा वापर बदलण्याचा) आदेश, नगर निगमाची बांधकाम परवानगी, मालमत्ता कराची पावती आणि नव्या प्रकल्पासाठी मध्य प्रदेश रेराचा (बांधकाम प्रकल्पांवरील नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागितला जातो. भूखंड इंदूर विकास प्राधिकरणाचा असेल तर लीज डीड (भाडेपट्ट्याचा दस्त) आणि प्राधिकरणाची अनुमतीही लागते.

अर्ज ते वितरण

एजंटामार्फत जात असाल तर आपल्याला विचारल्याशिवाय कोणत्याही बँकेत फाइल लॉगिन करू नये, म्हणजे अर्ज दाखल करू नये, हे त्याला स्पष्ट सांगावे. एकाच आठवड्यात पाच बँकांनी अहवाल मागवला की पाच चौकशा नोंदल्या जातात आणि गुण उतरतात. दर व शुल्क यांची चौकशी आधी तोंडी करावी आणि एक-दोन ठिकाणीच अर्ज द्यावा.

अर्जावर दोघांच्या सह्या झाल्यावर घर व कार्यालय यांची प्रत्यक्ष पडताळणी, वकिलाकडून मालकीची तपासणी आणि मूल्यांकन होते. मंजुरीपत्रासोबत कर्जाची मुख्य वैशिष्ट्ये सांगणारे तथ्यपत्रक देणे बँकेला बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दिलेला असतो, तो दोघांनी वाचावा. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या, मध्य प्रदेशाच्या दस्त नोंदणीसाठीच्या संपदा २.० या ऑनलाइन प्रणालीतून रजिस्ट्री होते, मूळ दस्त बँकेत तारण म्हणून जमा होतात आणि रक्कम विक्रेत्याला मिळते.

सही करताना दोघांनीही हे समजून घ्यावे की हप्ता कोणाच्याही खात्यातून गेला तरी संपूर्ण कर्जाची जबाबदारी प्रत्येकावर असते. एकाने हप्ता चुकवला तर विलंब दोघांच्या अहवालात दिसतो, आणि पुढे एकाला बाहेर पडायचे झाल्यास बँकेच्या संमतीशिवाय नाव निघत नाही. त्यामुळे हप्त्याचे खाते संयुक्त ठेवावे आणि त्यात तीन हप्त्यांइतकी रक्कम कायम राहू द्यावी. दुसरा हप्ता गेल्यानंतर दोघांचे अहवाल पुन्हा पाहावेत. कर्ज दोन्हीकडे संयुक्त म्हणून आणि पूर्ण रकमेने दिसले पाहिजे. पत्नीच्या अहवालात ते आलेले नसेल तर कर्जखात्याला तिचे पॅन जोडले गेले आहे का, हे शाखेत लेखी विचारावे.