मूत्रमार्गाखालची जाळी

खोकला आला, शिंक आली, भरलेली कळशी उचलली, की लघवीचे चार थेंब गळतात. बाळंतपणांनंतर कितीतरी बायका हे मुकाट्याने सोसतात. मूत्रमार्गाला खालून असलेला आधार सैल पडतो आणि पोटात दाब वाढला की मूत्रमार्ग नीट मिटत नाही. १९९६ साली स्वीडनचे डॉक्टर उल्फ उल्मस्टेन यांनी यावर सुटसुटीत शस्त्रक्रिया मांडली. पॉलिप्रोपिलीनच्या धाग्याची, जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीची जाळीदार पट्टी योनीमार्गातून घालायची आणि मूत्रमार्गाखाली आधाराला ठेवायची. काम अर्ध्या तासाचं. पोट उघडून करायची जुनी बर्च शस्त्रक्रिया तिच्यापुढे मागे पडली. बहुतेकींना गुण आला, हेही खरं.

हर्नियाला लावतात ती जाळी बहुधा याच प्लास्टिकची. पण पोटाची भिंत जाड असते. इथे मूत्राशय, मूत्रमार्ग आणि योनी एकमेकांपासून काही मिलिमीटरवर, आणि योनीत जंतूंची वस्ती कायमची. परका धागा दिसला की शरीरातल्या भक्षक पेशी त्याला वेढतात. तो पचत नाही, म्हणून त्या एकमेकींत मिसळून महापेशी बनतात आणि भोवती तंतुमय ऊती वाढते. ही ऊती छिद्रांतून विणली जाते म्हणूनच पट्टी जागेवर राहते. काहींच्या बाबतीत मात्र दाह शमत नाही. ऊती आकसते, नसा तिच्यात अडकतात, जांघेत किंवा ओटीपोटात कळा सुरू होतात, शरीरसंबंध नकोसे होतात. कधी धागा मूत्रमार्गाची किंवा मूत्राशयाची भिंत झिजवून आत उतरतो. कधी तर पट्टी ओढणारी सुई पहिल्याच दिवशी मूत्राशयातून आरपार गेलेली असते. त्यामुळे सुई ओटीपोटाखालच्या समोरच्या हाडामागून नेली असेल, तर टेबलावरच दुर्बिणीने आत पाहून घेतात.

लघवीत भिजणाऱ्या धाग्यावर क्षार बसत जातात आणि खडा तयार होतो. मग जळजळ, लघवीतून रक्त, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की आराम, महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच. शस्त्रक्रियेला दहा वर्षं होऊन गेलेली असतात, पट्टीची आठवण कुणालाच नसते. एक्स-रेत खडा दिसतो, प्लास्टिक दिसत नाही. दुर्बिणीतून खडा फोडला की आतून धागा डोकावतो. तो तसाच ठेवला, तर त्यावर पुन्हा खडा धरतो.

इंग्लंडमधल्या ९५,०५७ स्त्रियांच्या सरकारी रुग्णालयांतल्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. पट्टी पूर्ण किंवा अंशतः काढावी लागल्याचं प्रमाण पहिल्या वर्षअखेर १.४ टक्के, पाच वर्षांनी २.७, नऊ वर्षांनी ३.३. आकडा लहान वाटतो, पण हे फक्त काढण्याचं प्रमाण. दुखणं घेऊन घरी बसलेली बाई यात मोजलीच जात नाही.

एवढं सगळं आधी का कळलं नाही? अमेरिकेत तेव्हा ‘आधीच्या मंजूर उपकरणासारखंच आहे’ एवढं दाखवलं की परवानगी मिळे. या पट्टीसाठी दाखला दिला होता प्रोटेजेन नावाच्या दुसऱ्या पट्टीचा. तीच प्रोटेजेन १९९९ मध्ये बाजारातून परत बोलवावी लागली. तिचा दाखला घेऊन आलेली पट्टी मात्र विकली जात राहिली! मला यात डॉक्टरांपेक्षा नियमांची चूक मोठी वाटते.

अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळ्यांची विक्री अमेरिकेने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. लघवीच्या गळतीवरची पट्टी तिथे आजही मिळते. इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये दोन्हींना आवर घातला. दोन वर्षांनी तिथल्या सरकारने नेमलेल्या ज्युलिया कंबरलेज यांच्या चौकशी समितीने अहवालात लिहिलं की बायकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं कानाआड केल्या गेल्या.

काढणं सोपं नाही. ऊतीत रुजलेली पट्टी सोडवणं म्हणजे ओतलेल्या स्लॅबमधून सळई उपसणं. तुकडे राहतात, मूत्रमार्गाला इजा होऊ शकते, गळती परत सुरू होऊ शकते, आणि दुखणं जाईलच असं नाही. म्हणून ज्यांचा हात यात बसलाय अशाच केंद्रात हे करतात. स्कॉटलंडमधल्या काही बायकांनी पदरचे पैसे घालून खासगीत जाळी काढून घेतली होती. तो खर्च परत देण्यासाठी तिथल्या संसदेला २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.