आरसा गेला, तरी २० मिमीची लेन्स वजनदारच का?

फेब्रुवारी २०२० मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने २० मिमी एफ/१.८ च्या, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या आणि भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या दोन लेन्स जाहीर झाल्या: आधी निकॉनची झेड माउंटची (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते ती कडी), मग सोनीची ई माउंटची. दोन्ही फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी, दोन्हींत १४ भिंगं. तरी निकॉनचं वजन ५०५ ग्रॅम आणि सोनीचं ३७३. लांबीतही सव्वादोन सेंटीमीटरहून जास्त तफावत. हे कोडं उलगडायचं तर आरशापासून सुरुवात करावी लागते.

१९५४ मध्ये लुडविग बेर्टेले यांची २१ मिमी एफ/४.५ बायोगॉन झाइसच्या कॉन्टॅक्स रेंजफाइंडरसाठी, म्हणजे आरसा नसलेल्या आणि वेगळ्या खिडकीतून दृश्य दाखवणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यासाठी बाजारात आली. तिची रचना पुढून-मागून जवळपास सारखी. पुढच्या भिंगांनी वाकवलेली रेघ मागची भिंगं सरळ करत, त्यामुळे इमारतींच्या कडा ताठ यायच्या. फक्त मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ लागायचं.

एसएलआरमध्ये, म्हणजे लेन्समधून आलेलं दृश्य आरशाने व्ह्यूफाइंडरकडे (डोळा लावायच्या खिडकीकडे) वळवणाऱ्या कॅमेऱ्यात, नेमका तिथेच आरसा. १९५९ च्या निकॉन एफमध्ये माउंट ते फिल्म अंतर ४६.५ मिमी. त्यासाठी निघालेली निकॉनची २१ मिमी एफ/४ निक्कोर लेन्स जुन्याच सममित घडणीची होती आणि तिचं शेपूट थेट आरशाच्या कप्प्यात शिरायचं. आधी आरसा वर अडकवायचा, मग लेन्स चढवायची. मूळ व्ह्यूफाइंडरमधून काही दिसायचं नाही, म्हणून वर वेगळा फाइंडर बसवायचा. मग एसएलआर कशासाठी घ्यायचा?

यावरची तोड फ्रान्समध्ये आधीच निघाली होती. अँजेन्यू कंपनीच्या १९५० च्या ३५ मिमी एफ/२.५ ‘रेट्रोफोकस’मध्ये पुढे मोठं अंतर्गोल भिंग होतं. त्यामुळे लेन्स आरशाला जागा सोडून लांब बसू शकली. पण आकार वाढला, रेघा वाकू लागल्या आणि त्या निस्तरायला आणखी भिंगं आली. एसएलआरच्या वाइड लेन्स पुढे याच वाटेने गेल्या.

मिररलेसने माउंटपासून सेन्सरपर्यंतचं ते अंतर सोनीत १८ आणि निकॉन झेडमध्ये १६ मिमीवर आणलं. मग बायोगॉनची घडण का परतली नाही? कारण फिल्म तिरका प्रकाश सहज झेलायची, डिजिटल सेन्सरला तो झेपत नाही. कडांना रंग बदलतात, कोपरे काळवंडतात. म्हणून मोकळी झालेली जागा लेन्स लहान करण्यापेक्षा मागे मोठी भिंगं बसवायला जास्त कामी आली. एफ/१.८ वर कोपऱ्यातला तारा पंख फुटलेल्या पाखरासारखा न पसरता ठिपकाच राहावा, ही खरी कमाई.

निकॉनने ती मोकळीक पूर्णपणे दर्जावर खर्च केली. त्यांचीच २०१४ ची डीएसएलआरची (डिजिटल एसएलआरची) २० मिमी एफ/१.८ फक्त ३५५ ग्रॅमची होती, म्हणजे आरसा गेल्यावर वजन दीडशे ग्रॅमनी वाढलं! सोनीने वजन आवरलं, अ‍ॅपर्चर रिंग (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करायची कडी) दिली आणि फिल्टरही ७७ ऐवजी ६७ मिमीचा ठेवला. मला सोनीचा हिशेब जास्त पटतो. रात्रीच्या आकाशासाठी कॅमेरा आणि ट्रायपॉड पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला १३२ ग्रॅमही जाणवतात.